सत्यभामेचं दूध कोणी तोडलं

घरात कोणाला मुतखडा झाला की सगळ्यात आधी काय बंद करता हो तुम्ही? दूधच ना?

सत्यभामेच्या घरीही तेच झालं. जबलपुरात, सराफ्याच्या गल्लीत, ती काळे मणी ओवून मंगळसूत्रं गाठवायची. गाठ अशी, की नवी सून आजी होईल तरी सुटायची नाही. पहिला खडा पडला तेव्हा तिच्या सोनार नवऱ्यानं, गणपतनं, तो सोनं तोलायच्या काट्यावर ठेवला. "पाहा, घरातच खाण निघाली!" गल्ली हसली. दुसऱ्या खड्याला कोणी हसलं नाही.

शेजारची अंजनी म्हणाली, "दूध-दह्याचा चुना साचून राहिला पोटात. सारं तोडा, भैया."

झालं! शहाण्यांची काय कमी आहे आपल्याकडे? गणपतनं दूधवाल्याला दारातूनच परत पाठवलं. दही, ताक, तीळ, सगळं गेलं. बायकोचं कळवळणं त्याला पाहवत नव्हतं, म्हणून. संक्रांतीला सत्यभामा तिळाचा लाडू हातात घ्यायची, वास घ्यायची, ठेवून द्यायची. खडे मात्र येतच राहिले.

काही वर्षांनी न्हाणीत हात टेकून उठताना तिचं मनगट वाळक्या काडीसारखं मोडलं.

हाडाच्या डॉक्टरनं जुने रिपोर्ट पाहिले, लघवी नव्यानं तपासून घेतली आणि कपाळाला हात लावला. लघवीवाटे कॅल्शियम वाहून जात होतं, त्याचेच खडे होत होते, आणि ते आधी कोणी कधी मोजलंच नव्हतं. त्यात जेवणातलंही तोडलं. मग शरीरानं हाडंच खरवडली.

"दूध किसने बंद करवाया, अम्मा?"

गणपतनं मान खाली घातली.

"मलेच नाही आवडत," सत्यभामा म्हणाली.

बाहेर आल्यावर तो पुटपुटला, "खोटं काहून बोलली?"

"चला आता. तुम्हाले धरायला एक हात आहे अजून."

मनगट वाकडंच जुळलं. बोटांत सुई ठरत नाही. गणपत रोज दुधाचा पेला आणून ठेवतो, ती मुकाट पिते. गेलेलं हाड आता पुरतं भरून येत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. ती मण्यांची डबी उघडते, नुसतीच बोटं फिरवते, मिटते.

तेव्हा ऐका. घरातल्या बाईच्या ताटातली दह्याची वाटी उचलण्याआधी डॉक्टरला विचारा: हिच्या लघवीतलं कॅल्शियम मोजलं काय? हाडं तपासली काय? आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच्यासमोरच्या खुर्चीवरून उठू नका.