विलासचे दोन थांबे

फोन आला तेव्हा मी एसटीत होते. रविवार, दुपारचे साडेचार वाजले असतील. मांडीवर करंज्यांचा डबा, पर्समध्ये घडी घातलेली चिठ्ठी, आणि गाडी महाड सोडून पोलादपूरच्या वाटेला लागलेली. भावजयीचं, संगीताचं नाव दिसलं म्हणून मी नेहमीच्या ठसक्यात म्हटलं, "आले गं बाई, आले! विलासला सांग, चहा टाक." ती म्हणाली, "ताई, हे उठत नायत." मी म्हटलं, "अगं हलव त्याला गदागदा, रविवारी जेवून पडला की त्याला ढोल वाजवला तरी कळत नाही." "हलवलं, ताई..." एवढंच म्हणाली. पुढचं मला आठवत नाही. कंडक्टर दोनदा म्हणाला, "मॅडम, पोलादपूर आलं, उतरताय ना?" ते तेवढं आठवतं.

सात आठवडे झाले. विलास माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान. हायवेला लागून त्याचं टायरचं दुकान, मागे घर. तरुणपणी तो आखातात गेला, तिथे एका गॅरेजात टायर बदलायचं काम केलं, आणि एकदा मालकाने त्याला मोटारींची ग्रां प्री शर्यत दाखवायला नेलं. लोक गाड्या बघत होते आणि आमचं हे ध्यान टायर बदलणाऱ्या माणसांकडे डोळे लावून बसलं होतं! परत आल्यावर वर्षभर तेच पालुपद. "ताई, अडीच-तीन सेकंदांत चारी चाकं गो! मी नट सैल करीपर्यंत ह्यांची गाडी गेलीपन." आंबेनळीचा घाट उतरून महाबळेश्वरची पर्यटक मंडळी त्याच्या दुकानाशी थांबायची, ब्रेकचा करपट वास सुटलेला असायचा. हा टायरवर नुसता तळवा फिरवायचा आणि सांगायचा, पार गुळगुळीत गोटा झालाय, पुढं जाऊ नका. लोक म्हणायचे, घरी पोचल्यावर बदलू. तो हात पुसत म्हणायचा, "टायर बोंबलल्यावर थांबण्यात काय मजा नाय. त्याच्या आधी थांबायचं असतं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता भांडी घासतानासुद्धा ते कानाशी येतं, आणि मी मागे वळून बघते.

मला या शर्यतींत ओढलं त्यानेच. तहसील कचेरीतून निवृत्त झाले, नवरा आधीच गेलेला, मुलगी सासरी. "घरात बसून भिंतीशी भांडशील, त्यापरीस रविवारी इकडं ये," म्हणाला. पहिल्या दोन शर्यती मी टीव्हीसमोर बसून तांदूळ निवडले. तिसरीत कळायला लागलं. शर्यतीत टायर झिजतात, म्हणून मध्ये थांबून नवे घालावे लागतात. थांबलं की वेळ जातो, पण नवे टायर पळतात जोरात. तेव्हा किती वेळा थांबायचं आणि कधी, यातच अर्धी शर्यत असते. शनिवारी संध्याकाळी कोण कितव्या नंबरावरून सुटणार ते ठरलं की विलासचा फोन यायचा. आम्ही अर्धा तास कचाकचा भांडायचो, मग दोघं आपापल्या घरी चिठ्ठी लिहायचो, की उद्या कोण जिंकेल आणि किती थांब्यांत. त्याची दुकानातल्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पडायची, मी माझी रविवारी नेऊन टाकायची. शर्यत संपल्यावरच डबा उघडायचा. एकदा आत गेलेली चिठ्ठी बदलायची नाही, आणि हरेल त्याने पुढच्या खेपेला सगळ्यांसाठी घरून खाऊ आणायचा. माझ्या हातच्या करंज्या पोलादपुरात कशा काय प्रसिद्ध झाल्या, हे आता सांगायला नको.

कारण मी कायम लिहायची, एक थांबा. विलास कायम लिहायचा, दोन. "एकदाच थांबणार आनि चिंध्या झालेल्या टायरवर गाडी ओढत आननार... अस्सल सरकारी नोकर हायस तू!" असा चिडवायचा. मी म्हणायची, चाललंय ना? मग चालू दे की. तीस वर्षं कचेरीच्या खिडकीत बसून मी दुसरं काय केलं होतं? समोर माणूस कागद घेऊन उभा राहिला की तोंडातून आपसूक यायचं, सोमवारी या. बघायच्या आधी, विचार करायच्या आधी. निवृत्त झाले तरी जिभेवरून ते वाक्य उतरलं नव्हतं.

त्या शनिवारी फोन आला तेव्हा मी भांडायच्या तयारीतच होते. दुसऱ्या दिवसाची शर्यत साधी नव्हती. आम्ही ज्याला म्हातारा म्हणायचो, तो दाढी पिकलेला गडी या वर्षानंतर गाडी सोडणार होता, आणि कितीतरी दिवसांनी पहिल्या रांगेतून सुटणार होता. दुकानात बसणाऱ्या पाच-सहा जणांनी हार आणून ठेवला होता. म्हातारा तिकडे सातासमुद्रापार, आणि हार पोलादपुरात! पण विलास शर्यतीचं बोललाच नाही. म्हणाला, "ताई, सकाळी महाडला डॉक्टरकडं गेलतो. पट्टी काढली छातीची. म्हनतो, थांबू नका, आजच्या आज पनवेल गाठा." मी विचारलं, "दुखतंय का?" "दुखत नाय. जड जड वाटतंय." मग म्हणाला, "उद्याची शर्यत बघून जाऊ काय गो?"

आणि मी म्हटलं, "सोमवारी जा."

असंच म्हटलं. वर आणखी म्हटलं, "एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय? करंज्या तळून ठेवल्यात मी." तो हसला. "बरं. सोमवारी जातो," म्हणाला. उभ्या जन्मात ज्याने मला लवकर थांबायला शिकवलं, त्याने त्या दिवशी माझं ऐकलं. मेलं माझं तोंड! शंभर वेळा स्वतःला शिव्या घालून झाल्या, पण शब्द काही परत तोंडात जात नाहीत.

मी पोचले तेव्हा त्याला बाहेरच्या खोलीत निजवलेलं होतं. वाडीतली माणसं जमली होती, बायका संगीताला धरून बसल्या होत्या, कोणीतरी मेणबत्ती लावली होती. पाव्हणे सकाळी पोचणार होते. सव्वासहा वाजले आणि भिंतीवरचा टीव्ही आपोआप सुरू झाला. दर रविवारी त्या वेळेला लागावा अशी त्यानेच सोय करून ठेवली होती, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नादात सुरुवात चुकायला नको. खोलीत एकदम इंजिनांचा आवाज भरला. सगळे दचकले. शेजारचे काका उठले, त्यांनी आवाज घालवला, पण बंद करायला गेले तर संगीता म्हणाली, "राहू दे." मग ती मुकी शर्यत आमच्या डोक्यांवर चालत राहिली. मी विलासच्या पायांशी बसले होते, बघायचं नाही म्हटलं तरी डोळे वर जात होते. म्हातारा एकदाच थांबला. टायर झिजत गेले, मागचे दोघे जवळ जवळ येत गेले, आणि तरी तो जिंकला. एका थांब्यात! माझ्या चिठ्ठीत होतं तसं, अगदी तंतोतंत. हार कोपऱ्यात होता. कोणीतरी तो उचलला आणि विलासला घातला.

त्यानंतर मी डब्याकडे बघायचं टाळत होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी बोलले, गाव जेवून गेलं. दुकान बंद आहे, पण रविवारी सव्वासहाला टीव्ही लागतो. शर्यत नसली तर दुसरंच काहीतरी चालू असतं, तरी संगीता बंद करत नाही. "तेवढंच हाय, ताई," म्हणते. मला मात्र दर वेळी वाटतं, आता मागच्या दारातून हात पुसत येईल आणि म्हणेल, सुरू झाली काय?

गेल्या रविवारी मला सोसवेना. टीव्ही लागला आणि मी संगीताला सांगून टाकलं. म्हटलं, "तो त्याच दिवशी जाणार होता. मी त्याला सोमवारी जा म्हटलं." ती खाली बघत होती. म्हणाली, "ठाव हाय. फोन स्पीकरवर व्हता." सहा आठवडे तिला ठाऊक होतं, आणि सहा आठवडे ती मला चहा करून देत होती. मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस गं? शिव्या तरी द्यायच्यास." ती म्हणाली, "कुठल्या तोंडानं देऊ? मी तितंच बसलेली. मीपन नाय म्हनलं, की आत्ता चला."

मग तिनेच उठून डबा आणला. झाकण गंजून घट्ट बसलं होतं, तिने पाना घालून उचकटलं. आत एकच चिठ्ठी होती. माझी अजून पर्समध्येच होती. संगीताने विलासची चिठ्ठी माझ्या हातात दिली, कारण तिला डोळ्यांतल्या पाण्याने वाचता येईना. ग्रीसचा अंगठा उमटलेला, आणि त्याच्या तिरक्या अक्षरात... म्हातारा. एक थांबा. आणि खाली लहान अक्षरांत, दुकानात बसणाऱ्या टकल्या बबनला कळू नये म्हणून असेल, लिहिलं होतं: ह्या वेळेस ताईचं ऐकतो.

मी पर्समधून माझी चिठ्ठी काढून त्याच्या चिठ्ठीशेजारी ठेवली. पैज कोणीच हरलं नव्हतं.

आज परत शर्यत आहे. काल संध्याकाळी कोण कितव्या नंबरावरून सुटणार ते ठरलं. त्यानंतर मी फोनपाशी बसून राहिले, वेडी कुठली, आणि मग चिठ्ठी लिहिली. आता चारची एसटी धरायची आहे. करंज्या केल्यात. चिठ्ठी पर्समध्ये आहे, तिच्यात जिंकणाऱ्याचं नाव घातलेलं नाही. नुसतं लिहिलंय, दोन थांबे.