तीन दिवसांची लेक

लग्न होऊन मी भोपाळला आले तेव्हा आई जाऊन दोन वर्षं झाली होती. सांगलीला भाऊ-वहिनी होते, पण सणाला ये असं त्यांनी कधी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. नवरा गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात इंजिनियर. शाहपुऱ्यात वरच्या मजल्यावर आमचं भाड्याचं बिऱ्हाड होतं आणि खाली घरमालक काका-काकू. काकूही माझ्यासारख्याच लग्न होऊन इथे आलेल्या, नागपूरहून, माझ्या कितीतरी वर्षं आधी.

पहिल्याच भाद्रपदात सासूबाईंचा रत्नागिरीहून फोन आला. आमच्याकडे खड्याच्या गौरी. पाणवठ्यावरून पाच खडे आणायचे, वाटेत कोणाशी बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. नवरा कारखान्यात, म्हणून मी एकटीच शाहपुरा तलावावर गेले. काठावर चिखल होता. त्यातून पाच खडे वेचले, धुतले, ताम्हनात ठेवले आणि पदराखाली धरून घरी आले.

फाटकातच काकू भेटल्या. "काय गं, कुठं गेली होतीस?"

मी गप्प.

"बोलत का नाहीस? भांडून राहिले का तुम्ही दोघं?"

मी नाही अशी मान हलवली आणि जिना चढू लागले. काकू घाबरून माझ्यामागे वर. दाराशी मी पदर बाजूला केला तेव्हा त्यांना खडे दिसले. त्या हसल्या. "असं आहे होय! थांब, आत नको जाऊ." माझ्याच स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी तांब्याभर कोमट पाणी आणलं आणि उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माझ्या पायांवर घातलं. मग कुंकू लावलं. मी संकोचून पाय मागे घेतला, तर म्हणाल्या, "खडे हातात आहेत तोवर तूच ती. मुकाट्यानं उभी राहा."

आई गेल्यापासून माझ्या पायांकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. मला रडू आलं. तशीच आत जाऊन मी खडे तबकात मांडले.  काकू म्हणाल्या, "उद्या माझ्याकडे महालक्ष्म्या जेवतात. तुझ्या घरचा नैवेद्य झाला की खाली ये. पण सवाष्ण म्हणून नको येऊस. सवाष्ण जेवते, ओटी घेते आणि जाते. तू लेक म्हणून ये."

लेक म्हणून म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. घावन-घाटल्याचा नैवेद्य दाखवून मी खाली गेले, तर माझ्या हातात पुरणयंत्र आलं. काकूंकडे उभ्या महालक्ष्म्या, थोरली आणि धाकटी, खऱ्या बायकांएवढ्या उंच, जरीच्या साड्या नेसलेल्या. समोर सोळा भाज्या. त्या भाज्यांसाठी काकू दोन दिवस बाजार पालथा घालायच्या. "भोपाळात राहून भोपळा मागावा तर भाजीवाल्याला कळत नाही," म्हणायच्या, "कद्दूच म्हणावं लागतं." जेवणं झाल्यावर मी भांडी आवरायला उठले, तर माझा हात धरून त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि चटई टाकून दिली. "झोप आता. माहेरी लेकी झोपतातच दुपारी."

मी पाच वाजेपर्यंत झोपले.

त्यानंतर बावीस वर्षं असंच चाललं. आम्ही दोन गल्ल्या सोडून स्वतःचा फ्लॅट घेतला, तरी गौरीच्या दुसऱ्या दिवशी मी काकूंकडेच. एकदा पुरण वाटताना मी त्यांना विचारलं, "काकू, पहिल्या दिवशी देवीला साधी भाजी-भाकरी का हो? एवढी देवी घरी येते आणि भाकरी?"

"प्रवासातून दमून लेक आली की तू तिला काय वाढशील? पंचपक्वान्नं? गरम भाकरीच ना?" त्या म्हणाल्या. "वर्षभर ती लक्ष्मी असते. ज्याला त्याला तिच्याकडून काहीतरी पाहिजे असतं. हे तीन दिवस तिला कोणी काही मागत नाही. तिलाही वाटत असेल ना, की कुठंतरी आपण नुसतं यावं."

मी पोथ्या फारशा वाचलेल्या नाहीत. मला या सणाचा अर्थ एवढाच कळला आणि पुरला.

मग काका गेले. मुलगा बंगळुरूला होता, तो काकूंना घेऊन गेला. महालक्ष्म्यांचे मुखवटे नागपूरला थोरल्या दिरांकडे गेले आणि घर विकलं गेलं. भाजीला जाताना मी त्या गल्लीतून जायचं टाळू लागले. दर वर्षी गौरी जेवायच्या दिवशी काकूंचा फोन यायचा. काय काय केलंस, आंबील जमली का, सगळं विचारून घ्यायच्या. त्यांच्याकडे काय केलं, ते मी विचारत नसे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी फोन आला. आवाज अगदी हळू. "मुलगा-सून चांगले आहेत गं, काही तक्रार नाही. पण मला इथं कुठूनच यायचं नसतं आणि कुठंच जायचं नसतं. तुझ्याकडे येऊ का? तीनच दिवस."

मी म्हटलं, "काकू, विचारताय काय? या."

गौरी यायच्या दिवशी मुलगा त्यांना विमानानं घेऊन आला. गुडघे गेलेले, अंगानं निम्म्या झालेल्या. संध्याकाळी मी ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. काकूंनी पहिला घास तोंडात घेतला आणि बराच वेळ चावत बसल्या. "तिखट कमी आहे," म्हणाल्या, आणि आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची ओट्याजवळ ठेवली. तिथून त्यांनी मला दिवसभर रागावून घेतलं. डाळ जास्त शिजली, वेलची कमी पडली. जेवण झाल्यावर त्या पलंगावर आडव्या झाल्या. चार वाजले, पाच वाजले. मुलगा काळजीनं दोनदा आत डोकावून आला. "आई दुपारची कधीच झोपत नाही हो," मला म्हणाला, "बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हटलं. "झोपू दे."

तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य झाला. गाडी खाली थांबली होती. मी खण-नारळ घेऊन काकूंसमोर बसले, तशा त्यांनी पदर गोळा करून घट्ट धरला. "मला नको. माझी आता ओटी भरत नाहीत. माहीत आहे ना तुला?"

"सवाष्णीची नाही भरत मी," मी म्हटलं. "लेकीची भरते."

 पदर पसरायला त्यांना वेळ लागला. मी ओटी भरली. तांदळाचे दाणे खाली सांडले. मी ते वेचायला लागले, तर म्हणाल्या, "राहू दे. राहू दे तिथंच." जिना उतरताना त्यांनी एका हातानं ओटी पोटाशी धरली होती आणि दुसऱ्या हातानं कठडा. गाडीत बसल्यावर मात्र "येते हं" म्हणाल्या, अगदी जवळच कुठे जावं तसं.

संध्याकाळी खडे तलावात सोडून आले. घरात शिरले तर दिवा लावायचंही सुचेना.

आता पुन्हा श्रावण संपत आला आहे. काल काकूंचा फोन आला. डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलंय.

"मग मी येते तिकडे," मी म्हणाले.

"वेडी आहेस का? तुझ्याकडच्या गौरींना जेवायला कोण घालेल?"

  फोन दोघींपैकी कोणीच ठेवला नाही. त्यांच्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी गॅस बंद केला, आणि त्यांचा श्वास मला बराच वेळ ऐकू येत राहिला.