हौदावरच्या मावशीचं नाक

कुजलेल्या मिऱ्यांचा वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्यानं घेतलाय तो पुन्हा ऐकून घेणार नाही. शी! मळ्याच्या गावाचं वळण आलं की बसमधले लोक खिडक्या ओढून घेतात. काळी मिरी बिचारी गरीब, उन्हात वाळवली की झाली. पांढरीचे मात्र नखरे फार. पिकलेले दाणे पोत्यात भरायचे, दहा-बारा दिवस हौदात बुडवून ठेवायचे, आणि साल कुजली की बायकांनी पोटऱ्यांपर्यंत त्या लगद्यात उतरून ती तुडवायची, तेव्हा कुठे आतला गोरा दाणा हाती लागतो. हौदावर पिवळी साय धरते, माश्या जेवायच्या ताटापर्यंत पाठ सोडत नाहीत. आणि हेच दाणे पुढे कुणीतरी काचेच्या बाटलीतून नाजूक बोटांनी भुरभुरवतं. तेव्हा कुणाला किळस येत नाही.

त्या हौदावर मावशीची सत्तावीस वर्षं गेली. मावशी कुणाची, तर अख्ख्या गावाची. तुडवणाऱ्या बायका चिक्कार होत्या, पण पोती कधी उपसायची हे सांगायचं काम एकट्या मावशीचं. एक दिवस आधी काढली तर साल सुटत नाही, एक दिवस उशीर झाला तर कूज आत शिरते आणि दाणा राखाडी पडतो. मावशी पोत्याचं तोंड सोडून मूठभर दाणे नाकाशी धरायची. "वास सालीचाच आहे, राहू दे," म्हणायची, नाहीतर ओरडायची, "आत लागलं, काढा काढा!" एका हंगामात नव्या मुकादमाला शहाणपण सुचलं. बाईच्या नाकावर काय मळा चालतो का, म्हणून त्यानं सहा पोती दोन दिवस जास्त ठेवली. सहाच्या सहा उकिरड्यात गेली. तेव्हापासून तोही पोत्याला हात लावण्याआधी विचारायचा, "मावशी, नाक काय म्हणतंय?"

नवरा वेलावरच्या घोसांसाठी शिडीवर चढला आणि शिडीसकट खाली आला, तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. या हौदानंच त्याला वाढवलं आणि शिकवलं. पण शाळेत पोरं त्याला 'हौद्या' म्हणायची, आणि आमच्या या चिरंजीवांनी त्याचा राग पोरांवर नाही, आईवर काढला. रस्त्यानं चालताना दहा पावलं पुढे. आता तो शहरात औषधांच्या गोदामात कारकून झाला होता, बायको केली होती, आणि नाकानं कांदे सोलणारी सासू घरात आणून ठेवली होती.

त्याला मुलगा झाला, तेव्हा तो स्वतः सांगायला आला. दारातच उभा राहिला.

"आई, बघायला ये. पण लगेच नको. आठ-दहा दिवस हौदावर जाणं बंद ठेव, मग ये. सासूबाईंना वासाचं जरा..."

"जरा काय?"

"ओकारी येते त्यांना."

दुसरी कुणी असती तर लाटणं फेकून मारलं असतं. मावशीनं ऐन हंगामात हौद सोडला. लिंबू घासलं, राख घासली, कपड्यांचा साबण अंगाला लावला. टाचांची सालं निघाली, नखांच्या कडांतून रक्त आलं. नातवाला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. त्यासाठी ती कातडी सोलून ठेवायलाही तयार होती. मला तर हे सांगतानासुद्धा संताप येतो.

नवव्या दिवशी ती गेली. दोन खोल्यांचं घर, खिडकीत प्लॅस्टिकची फुलं, आतल्या खोलीत पलंग आणि त्याशेजारी पाळणा. पावडर आणि अत्तराचा असा भपकारा की डोळ्यांना पाणी यावं. विहीणबाईंनी तिची खुर्ची पाळण्यापासून लांब, थेट उंबऱ्याशी मांडली आणि रुमाल नाकाला लावला.

"आलाच बघा वास! काल मोरीचा येत होता म्हणून मोरी घासून घेतली, आज आणखीनच वाढलाय."

मुलगा खाली मान घालून पंखा वाढवायला उठला. मावशी हुंगत होती. स्वतःचा वास तिला पाठ होता आणि हा तो नव्हता. पावडरीच्या खाली, अत्तराच्याही खाली काहीतरी गोडसर, जड असं होतं. हे सालीचं नव्हतं, आत लागलेलं होतं. आणि ते पाळण्यातून येत होतं.

ती उठली.

"अहो, अहो! बसा तिथंच," विहीणबाई आडव्या आल्या. "लांबून बघायचं ठरलंय ना?"

"हा वास माझा नाही. बाळाचा आहे. त्याचे कपडे सोडा."

"ऐकलंत? चोराच्या उलट्या बोंबा! स्वतः कुजत आयुष्य काढलं आणि नावं कुणाला ठेवतात, तर फुलासारख्या लेकराला!"

"आई, तमाशा करू नकोस," मुलगा म्हणाला. "चारची बस आहे, तुला सोडून येतो. आणि आता पाळण्याला हात लावलास तर पुन्हा या घरात येऊ नकोस."

घ्या! सत्तावीस वर्षं तिनं चिखल तुडवला तो हे ऐकायला. तेवढ्यात पलंगावरून सून बारीक आवाजात म्हणाली, "सकाळपासून पीत नाहीये हो तो. नुसता कण्हतोय."

मावशीनं विहीणबाईंना खांद्यानं बाजूला सारलं. तुडवून तुडवून अंगात ताकद होतीच. अंगडं वर केलं, पोटावर आवळून बांधलेली रेशमी पट्टी सोडली, आणि घरातल्या प्रत्येकाचा हात नाकाशी गेला. पावडरीचा ओला लगदा, त्याखाली बेंबी लालभडक, आणि कडेनं पू. दवाखान्यातल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, नाळ उघडी ठेवा, कोरडी ठेवा. पण बघायला माणसं येतात, नाळ दिसायला बरी दिसत नाही, म्हणून विहीणबाईंनी ती पावडर थापून बांधून टाकली होती. पट्टीला लेसही होती.

मग एकच पळापळ. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोराला आत नेलं, सुई टोचली, सलाईन लावलं. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या.

"आणखी एक दिवस गेला असता तर रक्तात भिनून हाताबाहेर गेलं असतं. कुणाच्या लक्षात आलं?"

बाकाच्या टोकाला मावशी बसली होती. मुलानं तिच्याकडे पाहिलं, डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं आणि गळ्याची कॉलर नीट केली.

"आमच्याच लक्षात आलं. वास आला म्हणून लगेच घेऊन आलो."

"माझं नाक मेलं फार तिखट," विहीणबाई म्हणाल्या.

थू! हौदातली साय परवडली. सुनेनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सहा दिवस मावशी त्याच बाकावर राहिली.

सातव्या दिवशी पोर चुरूचुरू दूध पिऊ लागलं. वॉर्डातल्या भिंतीवर पाटी होती, बाळाला घेण्याआधी हात धुवा. मावशीनं कोपरापर्यंत हात धुतले, तरी नखांतला तो जुना वास राहिलाच. सून बाळाशेजारच्या खाटेवरून उठली, कुणालाही न विचारता तिनं बाळ मावशीच्या मांडीवर ठेवलं आणि मावशीचं बोट त्याच्या मुठीत दिलं. पोरानं ते बोट सरळ तोंडात घातलं.

मुलगा हसत पुढे आला, दुपटं सारखं करायला वाकला. मावशीनं बाळ छातीशी ओढून घेतलं.

"थांब. हात धुतलेस?"

"धुतले की, आई. साबणानं धुतले."

"मग आता तोंड धुऊन ये."

त्याचा चेहरा उतरला. तो कोपऱ्यातल्या नळाशी गेला, नळ सोडला, आणि पाण्याला हात न लावता तसाच पाठमोरा उभा राहिला.