अर्धी काढलेली साय

माझ्या ओळखीतल्या कुणी हे वाचलं तर आधी पोट धरून हसतील. 'ह्या बाईसमोर देव उभा राहिला तरी ती आधार कार्ड मागेल' अशी अख्ख्या एमआयडीसीत माझी ख्याती. भूत, करणी, दृष्ट... कशालाच मी कधी भीक घातली नाही. धाकट्या जावेने दाराला काळी बाहुली बांधली होती, ती मी तिच्यादेखत काढून कचऱ्यात टाकली. तेव्हा आज लिहायला बसलेय ती हौस म्हणून नाही. मला एक मदत हवी आहे. ती शेवटी सांगते, आधी झालं ते नीट ऐकून घ्या.

मी रत्नागिरीची. शहराबाहेरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता, सीडी-डीव्हीडी छापायचा. आता तो बंद पडून बरीच वर्षं झाली. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी., तिथे क्लीनरूमची सुपरवायझर होते. क्लीनरूम म्हणजे जिथे धूळ शिरू द्यायची नाही अशी खोली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, मास्क, हातमोजे — फक्त डोळे उघडे. कारण सगळ्यात जास्त घाण माणूस आणतो. केस, कोंडा, पावडर, श्वास.

आत मास्टर असायचा. निकेलची पातळ, आरशासारखी तबकडी, छोट्या ताटलीएवढी. ह्या एका मास्टरवरून हजारो सीडी छापल्या जात, त्यामुळे त्यावर एक कण बसला की तो हजार ठिकाणी उमटणार. तो कण काढणं हे माझं काम. आधी शुद्ध पाण्याने धुवायचं, नायट्रोजनच्या फवाऱ्याने सुकवायचं. तरीही कण चिकटून राहिला तर त्यावर एक पातळ लाखेसारखं द्रावण ओतायचं. ते सुकलं की कडेला टेप लावून अलगद सोलायचं. सगळी घाण त्या पापुद्र्याला चिकटून वर येते. आम्ही त्याला 'साय काढणे' म्हणायचो. दिवसातून एकदाच काढायची असा नियम होता, कारण पातळ निकेल सारखं ओढलं तर वाकतं.

आता मुद्द्याचं. क्लीनरूमच्या नियमात कुंकू, टिकली, पावडर, बांगड्या, गजरा, मंगळसूत्र सगळ्याला बंदी. बायका टिकल्या काढून लॉकरच्या आरशावर चिकटवायच्या आणि जाताना परत लावायच्या, कुणाची काही तक्रार नव्हती. सुरेखाची मात्र होती. ती पूर्णगडची, रोज एसटीने यायची. नवरा रमाकांत मिरकरवाडा बंदरातल्या एका लाँचवर खलाशी. ती टिकली लावत नसे. मेण लावून त्यावर खरं कुंकू, रुपयाएवढं. घरचा माणूस दर्यावर असेपर्यंत ते पुसायचं नाही हे तिच्या सासूचं सांगणं. सुटाची टोपी कपाळावर ओढून ती ते लपवायची, आणि मी महिनाभर बघून न बघितल्यासारखं केलं.

एका सोमवारी मात्र माझं डोकं फिरलं. बुधवारी मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला यायची होती. मी म्हटलं, "सुरेखा, पूस ते."

"म्याडम, आज पहाटेच लाँच गेली ओ. आठ दिसांनी येतील. तवा पुसते, तुमची शप्पत."

"कुंकू आणि लाँचचा काय संबंध गं?"

ती टोपी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. आणि मला खरंच राग आला... तो का आला तेही सांगते. माझे मिस्टर गेले त्या सकाळी माझं कुंकू जागच्या जागी होतं. मंगळसूत्र, जोडवी, सगळं. दुपारी अटॅक आला, अर्ध्या तासात खेळ खलास. त्यांच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. तेव्हापासून कुणी कुंकवाची महती सांगू लागलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मी स्पिरिटचा रुमाल घेतला, एका हाताने तिचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताने कपाळ खसाखसा पुसलं. ती हलली नाही. डोळ्यांतून पाणी मात्र येत होतं. "जा, बाहेर पॅकिंगला बस आज," मी म्हटलं. रुमाल टाकला, हात धुतले, नवा सूट, नवे हातमोजे घालून एकटीच आत गेले.

त्या बुधवारच्याच ऑर्डरचा मास्टर धुतला, सुकवला, दिव्याखाली धरला. कडेपासून तीन बोटं आत एक लाल ठिपका. मोहरीएवढा.

निकेलवर लाल? सूक्ष्मदर्शकाखाली घातला तर बारीक बारीक लाल रवे. कुंकूच. मी स्वतःलाच शिव्या घातल्या. म्हटलं, आपल्याच हाताने आणलं असणार. पण मग धुण्यात जायला हवं होतं ना? परत धुतलं तर ढिम्म. शेवटी साय घातली, सुकवली, सोलली. पापुद्र्यावर लाल ठिपका आला, पण मास्टरवरही उरला होता. आता राजगिऱ्याएवढा. रजिस्टरला वेळ लिहिली, पावणेबारा.

मंगळवारी सकाळी सुरेखा रडत आली. लाँच किनाऱ्याजवळून गेली की मोबाइलला रेंज येते, तेव्हा रमाकांतने फोन केला होता. जाळ्याचा दोर ओढताना उजवा हात रहाटात सापडला, दोन बोटं गेली. "काल जेवनाच्या वाईच आधी ओ म्याडम. पावनेबारा-बारा. मालक म्हनतो हात बांधून ऱ्हा, लाँच माघारी फिरनार नाय." मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण दर्यावरचं काम, अपघात व्हायचेच. वेळेचं मनात आलं आणि मी ते झटकून टाकलं. तिला घरी जा म्हटलं तर म्हणाली, "घरात बसून काय करू? हितं चार मान्सं तरी हायत."

तीन वाजता मी दुसऱ्यांदा साय काढली. ठिपका खसखशीएवढा उरला. मला बरं वाटलं. उद्या एकदा काढली की मास्टर लख्ख.

बुधवारी सकाळी तिसरी साय सुकली होती. तपासणीवाले गेस्टहाउसवरून निघाले होते. मी टेप लावून कड उचलली तोच बाहेरच्या काचेवर टकटक. सुरेखा. कानाला मोबाइल, दुसऱ्या हाताने इंटरकॉमचं बटण दाबलेलं. चेहऱ्यावर रडू आणि हसू दोन्ही.

"म्याडम, हे बरे हायत ओ! फोनवरच हायत. काल तोल जाऊन पान्यात पडले होते, तीन वाजता. लय वेळ घावलेच नाय. दुसऱ्या लाँचवाल्यांनी वडून काढलं."

तीन वाजता...

माझे कान तिच्याकडे होते, हात मात्र सवयीने काम करत होते. वर्षानुवर्षं हेच केलेले हात, ते कशाला थांबतात! साय हळूहळू वर येत होती. ती फोनवर त्याच्याशी बोलत होती, "होय, होय, जेवलात का," असं काहीतरी. आणि मध्येच तिचा आवाज चढला.

"ओ... ओ, काय झालं? बोला ना! म्याडम, ह्यांना श्वास लागंना!"

मी खाली बघितलं. साय ठिपक्यापर्यंत आली होती. लाल कण अर्धा सायीवर, अर्धा निकेलवर, मध्ये ताणलेला. मी थांबले. बोटाने साय परत खाली दाबली.

"हां... हां, बोलतायत. ठसका लागला म्हनतायत."

आता पुढचं लिहायला हात उठत नाही, पण लिहिते. मी ती साय परत उचलली. होय, मुद्दाम. मी केमिस्ट्रीवाली बाई, एकदा घडलेल्या गोष्टीला मी मानत नाही... पुन्हा करून बघायचं असतं, हेच तर शिकलेय. केसाएवढी उचलली असेन. इंटरकॉममधून सुरेखाची किंकाळी आली. आणि तिच्या फोनमधून, दोन काचांच्या पलीकडून, घशात पाणी गेलेल्या माणसाचा तो आवाज... अगं आई गं. मी साय दाबली आणि दाबूनच बसले. आवाज थांबला. कुणीतरी जोरात श्वास घेतला.

सुटाच्या आत मी घामाने निथळले होते. एका माणसाचा जीव माझ्या बोटाखाली आहे आणि मी त्याच्यावर प्रयोग केलाय, एवढंच डोक्यात होतं. तपासणीवाले काचेपाशी आले तेव्हाही मी तशीच बसले होते. साहेब खुणा करून करून थकले.

मास्टर मी बाद दाखवला. 'हाताळताना वाकला' असं लिहून दिलं आणि मेमो खाल्ला. बाद मास्टर चुरडायचा असतो. मी तो स्टीलच्या चपट्या डब्यात घालून जेवणाच्या पिशवीतून घरी आणला. आयुष्यात कारखान्याची टाचणी घरी नेली नव्हती, ती मी. सुरेखाची बदली मी पॅकिंगला करून घेतली, तिथे कुंकवाला हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने लावलेलं बघितलं आणि बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. आठ दिवसांनी रमाकांत घरी आला, दोन बोटं कमी, बाकी ठणठणीत. अजून दर्यावर जातो. मला मुद्दाम ताजी मासळी धाडतो. सुरेखाला यातलं काहीही माहीत नाही. तिला वाटतं, म्याडमना त्या दिवशी चक्कर आली होती.

आजवर मी कुणाला विचारलं नाही असं नाही. ओळखीच्या एका प्राध्यापकांना नावं न घेता सगळं सांगितलं. ते म्हणाले, योगायोग आणि अपराधी भावना. असेल बुवा. मग कुंकू धुतल्यावर का गेलं नाही? सुरेखा आत नव्हती, तरी ते आलं कुठून? आणि खरं सांगू, मला ह्याचं उत्तर नकोही आहे. रात्रंदिवस मला वेगळंच खातंय. माझ्या मिस्टरांच्या वेळी असा एखादा ठिपका घरात कुठे उमटला होता का? ताटावर, खिडकीच्या काचेवर, ओट्यावर... आणि मीच तो पुसला का? मला सफाईची भारी हौस. त्या सकाळी सगळं घर पुसून काढलं होतं मी.

असो. आता मदतीचं. साय कायमची टिकण्यासाठी नसते. इतक्या वर्षांत ती कोरडी पडून कडेने आपोआप सुटायला लागलीय, वळतेय. डबा मी दर संक्रांतीला उघडून बघायचे, आता दर आठवड्याला बघते. वळलेली कड ठिपक्यापासून शिताएवढ्या अंतरावर आलीय. वरून नवी साय ओतावी तर तिच्यातलं द्रावक जुनी साय विरघळवणार आणि त्यात तो कण तरंगून जाणार. गोंद लावावा तर तो सुकताना आकसून साय ओढणार. वजन ठेवावं तर वजन उचलताना साय चिकटून आली तर? डबा उघडणंच बंद करावं तर आत काय चाललंय ते कळणार नाही, आणि ते मला सोसणार नाही.

वाचकांत कुणी लाख, रोगण, पापुद्रे यांतलं जाणकार असेल तर कृपा करून कळवा. भुताखेतांवरची मतं नकोत, ती मला तुमच्याहून जास्त आहेत. न ओढता, न दाबता, न विरघळवता जुनी साय आहे तिथेच कशी धरून ठेवायची, एवढंच सांगा. जरा लवकर सांगा. नारळी पौर्णिमा झाली, रमाकांतची लाँच सोमवारी निघतेय.