नानांचा हत्ती

हसणार नसाल तर सांगतो. तुम्ही हसणारच म्हणा, पण निदान चहा खाली ठेवा, ठसका लागेल.

माझं जळगावात ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण मला कादंबऱ्यांचं वेड आहे, हे घरचे सोडून कुणाला माहीत नव्हतं. त्यातही एकच मालिका. 'निळ्या शिखरांचं राज्य'. राजे, जादूगार, उडते साप, बर्फाचे किल्ले. सात भाग आले आणि लेखक गप्प झाला. चौदा वर्षं गप्प! आणि परवा एकदम आठवा भाग आला. मला काय आनंद झाला म्हणता! म्हटलं, आधीचे सातही भाग पुन्हा वाचायचे आणि मगच आठव्याला हात लावायचा.

तिथेच माती खाल्ली.

तिसऱ्या भागात भूधर नावाचा हत्ती आहे. राजपुत्राला पाठीवर घेऊन नदी ओलांडतो आणि पलीकडच्या काठावर मरतो. वाचून मी पान उलटलं. मला तर तो पुढेही आठवत होता, म्हणून भूधर पुन्हा कुठे येतो ते शोधू लागलो. चौथा भाग पाहिला, पाचवा पाहिला. भूधर किल्ल्याचा दरवाजा उचलतो तो प्रसंग कुठे आहे? भूधर राज्याचा प्रधान होतो, ते प्रकरण कुठे गेलं? आणि भूधर केळीच्या बागेत शिरतो ती धमाल?

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती प्रकरणं लेखकाची नव्हतीच. माझी होती!

सांगतो, सांगतो. माझे सासरे, नाना, साक्रीकडचे. काही वर्षांपूर्वी त्यांचा पाय मोडला आणि प्लास्टर घालून ते तीन महिने आमच्याकडे होते. आता जुन्या वळणाचा माणूस लेकीच्या घरी पाणी प्यायलासुद्धा संकोचतो, इथे तीन महिने खाटेवर! नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यांचा जीव रमावा म्हणून मी रोज दुपारी दुकान बंद करून त्यांना ही मालिका वाचून दाखवायला लागलो.

तिसऱ्या भागात हत्ती मरायची वेळ आली आणि नेमका त्याच दिवशी साक्रीहून निरोप आला, नानांचा म्हातारा बैल गेला. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. सांगा, अशा वेळी मी हत्ती मारू? नाही मारला. वाचता वाचता त्याला नदीतून सुखरूप बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी विचारलं, "जवाईबापू, हत्ती बरा शे ना?"

झालं! म्हातारा हत्तीत गुंतला म्हणून मला भरून आलं. मग मी हात आखडता घेतला नाही. नाना गावी गेल्यावरही दर रविवारी फोनवर वाचन सुरूच, थेट सातव्या भागापर्यंत. दर वेळी नाना आठवणीने विचारायचे, "हत्तीनं काय व्हयनं?" आणि मी त्याला नवा पराक्रम द्यायचो. केळीची बाग त्यातलीच. बर्फाच्या राज्यात आपल्या सावद्याकडच्यासारखी केळी कुठून आली, हा प्रश्न ना नानांना पडला ना मला. पुढे मलाच विसर पडला की यात लेखकाचं किती आणि माझं किती.

बरं, हे घरातल्या घरात राहिलं असतं. पण बायकोने फोनवर नानांना सांगून टाकलं की तो लेखक जळगावात येतोय, वाचकांशी गप्पा मारायला.

"मी येस," नाना म्हणाले. "त्यासले हत्तीबद्दल इचारनं शे."

माझी झोपच उडाली. म्हातारा ऐंशी पार केलेला. आजवर जावयाच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवलेला. आता चारचौघांत त्याला कळणार की जावयाने वर्षानुवर्षं थापा मारल्या! मी फोनवर म्हटलं, "नाना, तिथे पायऱ्या फार आहेत." म्हणाले, "काठी शे." म्हटलं, "ऊन फार आहे." म्हणाले, "टोपी शे." आणि धुळ्याला गाडी बदलून म्हातारा एकटा हजर!

शेवटचा उपाय म्हणून मी कार्यक्रमाआधी लेखकाला गाठलं. हात जोडले. "सर, एक वयस्कर वाचक आलेत. भूधरबद्दल विचारतील. तेवढं तो जिवंत आहे म्हणा."

लेखकाने चष्म्यावरून पाहिलं. "भूधर मेलाय."

"हो, पण थोडा वेळ जिवंत..."

"अहो, माझ्या राज्यात मेलेला परत येत नाही. आठ भाग मी तो एक नियम पाळलाय. तुमच्यासाठी मोडू?"

मी नानांना शेवटच्या रांगेत बसवायला गेलो. नाना म्हणाले, "माले आइकू येत नही," आणि सरळ दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. शेजारी बायको, तिच्या शेजारी घाम पुसत मी.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. नानांनी काठी वर केली. मी झडप घालून माईक घेतला आणि प्रश्न विचारला. काय विचारलं देव जाणे! उत्तर संपतंय न संपतंय तोच दुसरा. मग तिसरा. चौथ्याला लोक मागून ओरडायला लागले. सूत्रसंचालिका म्हणाली, "काका, आता तुम्ही बसा. त्या आजोबांना बोलू द्या." बायकोने सदरा ओढून मला खाली बसवलं.

नाना उभे राहिले. सूत्रसंचालिकेने माझ्या हातातला माईक घेऊन त्यांच्या तोंडाशी धरला.

"रामराम," नाना म्हणाले. "पुस्तक एक नंबर शे. पन एक इनंती शे, भाऊ. पुढला भागमा तरी त्या हत्तीले मारी टाका!"

सभागृह हसलं. मी हसलो नाही. मी नीट ऐकलं का, हेच मला कळेना.

"कोणता हत्ती?" लेखक म्हणाले.

"भूधर! सारी गोष्ट अडकाई ठेयेल शे त्यानी. राजा लढाईले निंघना का हाऊ मधमा येस. दरवाजा काय उचलस, प्रधान काय व्हस, केळी काय खास. माणूस कितलं सहन करी?"

"आजोबा," लेखक सावकाश म्हणाले, "भूधर तिसऱ्या भागातच मेला. आणि माझ्या पुस्तकात एकही केळ नाही."

नाना हळूच माझ्याकडे वळले. सगळं सभागृह वळलं. लेखकही वळले, आणि आता त्यांना सगळं समजलं होतं.

"नाना," मी पुटपुटलो, "तुम्हीच तर दर रविवारी विचारायचात, हत्ती बरा आहे का!"

"तुम्हना जीव त्यामा व्हता ना!" नाना म्हणाले. माईक अजून तोंडाशीच होता. "जवाई दुकान बंद करी वाची दखाडतस, त्यासले कसं सांगाव, का बंद करा आते? जवाईना मान ऱ्हास. म्हनीसन मी दर रविवारले इचारू."

घ्या! मी त्यांच्यासाठी हत्ती जगवला आणि त्यांनी माझ्यासाठी तो सोसला. वर्षानुवर्षं. रविवारमागून रविवार. आणि दोघांपैकी कुणालाच तो नको होता! खोटं कशाला बोलू, मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण नानांचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी पुन्हा व्यासपीठाकडे तोंड केलं आणि एका हाताने काठी सांभाळत दुसरा हात छातीला लावला.

"माफ करा, भाऊ," ते लेखकाला म्हणाले. "माले इतला वरीस वाटे, रटाळ तुम्हीच शेतस."

टाळ्या थांबेनात. सगळ्यांत जोरात माझी बायको वाजवत होती.