बोरीपर्यंत जाऊन दाखवा

सायकलवर बोरीला जायचं ठरलं ते हौसेनं नाही, रागानं.

परभणीत आमच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना आम्ही रोज संध्याकाळी पाच ते सात रिकामे ड्रम लावायचो. तेवढा वेळ मोटारसायकल, रिक्षा, कार बंद. पोरं खेळायची आणि आम्ही तिघीचौघी सायकल शिकायचो. मी शेहेचाळिसाव्या वर्षी शिकले. माझ्या मागोमाग शेजारच्या वंदनाताई शिकल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. साठीच्या मोरे काकू अजून शिकत होत्या. त्यांची सायकल मागून धरावी लागायची. हात सोडला की त्यांचा पाय टेकलाच.

गल्लीच्या बैठकीत ड्रमविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज लागला तो काकूंच्याच यजमानांचा. "दारापोतर गाडी न्हाई न्यायची तर गाडी घ्यायची कशाला?" मोरे काका म्हणाले. "आन् गल्लीत गोल गोल फिरून सायकल येती व्हय? बोरीपोतर जाऊन दाखवा, मंग ठिवू तुमचे ड्रम." बोरी म्हणजे जिंतूर रोडला पंचवीस-तीस किलोमीटर. सगळे हसले. काकू मान खाली घालून बसल्या. मला त्या हसण्याची भयंकर चीड आली. "शनिवारी निघतो आम्ही," मी म्हणाले. वंदनाताईंना मी विचारलंसुद्धा नव्हतं.

ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांनी थंडीतच करावा आणि उजाडता उजाडता निघावं. जिंतूर रोड चांगला आहे, पण सायकलवाल्यासाठी कुणी बांधलेला नाही. मागून ट्रक आला की पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे राहायचं आणि हँडल वळवायचं नाही. दोन्ही बाजूंना तूर आणि वेचून झालेला कापूस. पाणी घरूनच न्या. वाटेत एका टपरीवर दहा रुपयांचा चहा घेतला, तेव्हा चहावाल्यानं विचारलं, "गाडी बिगडली का, मॅडम?"

"न्हाई. सायकलवरच बोरीला चाललोत."

"कशापायी?"

"एका माणसाला दाखवायचंय," वंदनाताई म्हणाल्या. त्याला ते लगेच पटलं.

बोरीत वंदनाताईंच्या मावशींकडे मुक्काम होता. त्यांच्या गल्लीत वळलो आणि थांबलो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मांडव. कुणाकडे तरी हळद होती. रस्ता पार बंद, डांबर फोडून पाइप रोवलेले. आमच्यामागून एक ट्रॅक्टरवाला आला, मांडव बघितला आणि हॉर्नही न वाजवता ट्रॅक्टर मागे घ्यायला लागला. मी मुद्दाम विचारलं, "दादा, वळसा पडला. राग न्हाई आला?"

"राग कशाचा? मांडव हाय. लोकाच्या घरी कार्य हाय," तो म्हणाला. "उद्या आपलं बी ऱ्हाईल."

मावशींना जयभीम करून आत बसलो. भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी आणि ठेचा. आमच्या दोन तासांच्या ड्रमवर महिनाभर भांडणं आणि इथे दोन दिवस रस्ता फोडून बंद, तरी कुणाची कुरकूर नाही. आमच्याकडे तरी वेगळं काय होतं? मोरे काकांच्या मुलीच्या लग्नात आमची गल्ली तीन दिवस बंद होती आणि मीच तिथे वाढायला होते.

बोरी झालं म्हणजे शर्त पूर्ण झाली होती. पण पायांना अजून खुमखुमी होती, म्हणून रविवारी जिंतूरवरून पुढे चारठाण्याला गेलो. जिंतूरनंतर चढ लागतात. दोनदा उतरून ढकलत गेलो, लाज वाटायचं कारण नाही. चारठाण्याची जुनी दगडी मंदिरं घाईत बघू नका. एका कोरीव खांबाला टेकून आम्ही शेंगदाण्याचे लाडू खाल्ले आणि सायकलींसकट फोटो काढले. परतीला टेम्पो केला. दोघींचे मिळून चारशे. तेही इथे लिहिते, उगाच फुशारकी नको.

संध्याकाळी साडेपाचला गल्लीत पोचलो तर ड्रम गायब. जागेवर कार उभी. मोरे काका ओट्यावर होते. मी फोटो दाखवले. त्यांनी नीट बघितले आणि म्हणाले, "वा. शिकल्या की तुमी. मंग आता गल्ली कशाला बंद करायची?"

आत दारामागे काकू उभ्या होत्या. त्यांची सायकल जिन्याखाली गेली होती, वर पोतं टाकलेलं. दमलेली नसते तर मी तिथेच भांडले असते.

दुसऱ्या दिवशी मी मांडववाल्याला गाठलं. साडेचारला गल्लीच्या दोन्ही तोंडांना पाइप उभे राहिले, खड्डे न करता. वर लाल-पिवळं कापड, झालर. पहिली रिक्षा आली, थांबली आणि मुकाट्यानं वळली. मग एक कार. कुणी हॉर्न वाजवला नाही. मी चिडायच्या तयारीत उभी होते, ती तशीच उभी राहिले.

सहाच्या सुमारास मोरे काका स्कूटरवर आले. मांडव दिसताच सवयीनं त्यांनी स्कूटर बंद केली.

"कुणाकडं कार्य हाय, वैनी?"

"तुमच्याकडंच, काका."

ते काही बोलणार तेवढ्यात पलीकडून काकू जिन्याखालच्या त्याच सायकलवर येताना दिसल्या. मागे वंदनाताई पळत होत्या, पण दोन्ही हात मोकळे. काकूंना ते माहीत नव्हतं. घाबरलेल्या, ओठ आवळलेले, हँडल लटपटतंय, पण पाय टेकला नाही. थेट मांडवाच्या टोकाला आल्या, ब्रेक दाबला आणि उतरल्या. मागे वळून बघितलं, तेव्हा त्यांना कळलं.

या प्रवासातलं चारठाण्याचं ऊन विसरेन, मांड्यांचं दुखणंही विसरेन. काकू पदर सावरून नवऱ्याला जे म्हणाल्या, ते विसरणार नाही.

"अवो, गाडी तिकडंच लावा," त्या म्हणाल्या. "चालत या."