छंदाच्या ओळीतली ढोलकी

"हा छंद थोडाच होय? हे तं तुमचं कामच होय."

जिनिंगच्या मालकानं माझ्या बायोडाट्यात छंदाच्या ओळीवर नख टेकवलं आणि हसला. मी उभा होतो. शेजारच्या खुर्चीत सतीश बसलेला. आम्ही दोघं आदिलाबादच्या एकाच कॉलेजातून बी.कॉम. झालो होतो. भैंसा गावातल्या या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनाची एक जागा होती आणि मालकानं दोघांना एकदमच आत घेतलं होतं. सतीशचे वडील कापसाचे अडते. त्याला आल्या आल्या खुर्ची मिळाली. मला कोणी बस म्हटलं नाही.

सतीशच्या बायोडाट्यात लिहिलं होतं, तबलावादन. ते वाचून मालक खूश झाला. गुरू कोण, रियाज किती, सगळं विचारलं. सतीशनं टेबलावर बोटांनी तीनताल वाजवून दाखवला. "वा, कलाकार मानूस," मालक म्हणाला आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.

मग माझा कागद. ढोलकीवादन. गाव कोणतं? बाजारहत्नूर. घर कोण्या अंगाले? मी वस्ती सांगितली. एवढ्यावर त्याला माझं सगळं कळलं. टक्के त्यानं पाहिलेच नाहीत. ते सतीशपेक्षा जास्त होते.

मी जळालो. खोटं कशाला बोलू? त्याच्या खुर्चीवर जळालो, चहावर जळालो, त्याच्या घरी शिकवायला येणाऱ्या गुरुजींवर जळालो. त्याच्या तबल्यालाही कातडंच, माझ्या ढोलकीलाही कातडंच. त्याचा हात पडला की कला आणि माझा पडला की जातीचं काम. सतीश तर हसलाही नाही, खाली मान घालून बसला. तो मनानं वाईट असता तर बरं झालं असतं, निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

ही ओळ मी हौसेनं लिहिली होती. टाइपिंग सेंटरवाल्यानं विचारलं, हॉबी काय टाकू? मला काही सुचेना. आमच्या सुट्ट्या दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचण्यात गेलेल्या. तो म्हणाला, क्रिकेट टाकतो, सगळ्यांचं तेच असतं. तेवढ्यात मला ढोलकी आठवली. जयंतीला आमच्या वस्तीत गाण्याचा कार्यक्रम होतो, तिथं मी वाजवतो. माझी बोटं सुजतात तरी थांबावंसं वाटत नाही.

माझ्या आजोबांचं तसं नव्हतं. गावात लग्न असो की पोळा, बोलावणं आलं की डफडं घेऊन जावंच लागे. दूर उभं राहून वाजवायचं आणि उरलंसुरलं खायचं. बौद्ध झाल्यावर त्यांनी ते डफडं चुलीत घातलं. गाव खवळलं, पण पुन्हा त्यांनी कोणाच्या दारात वाजवलं नाही.

मालक सांगत होता, "पुढच्या महिन्यात पोरीचं लगन हाय. चार पोट्टे घेऊन ये वाजवाले. नोकरीचं मंग पाहू."

नोकरी मला हवी होती. आईची कंबर गेली होती, घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. हो म्हटलं असतं तर कदाचित मिळालीही असती. पण मला चुलीत जळणारं डफडं दिसलं.

मी म्हणालो, "लग्नात आमी वाजवत नाही. माह्या आज्यानंच सोडलं ते."

हात पुढे करून मी माझा कागद परत घेतला. मालकाचं हसू गेलं. सतीशनं वर पाहिलं. ती जागा त्यालाच मिळाली.

घरी आईला सगळं सांगितलं. तिनं माझ्या हातातला कागद घेतला. मग म्हणाली, "खोडून टाक ना बापा थे ढोलकी. काऊन लिवतं?"

तिचं भ्याणं मला कळत होतं. पण मला त्या टेबलासमोर एक गोष्ट उमगली होती. हुकमानं वाजवलं ते आजोबांचं काम होतं. मी मनाला येतं म्हणून वाजवतो. छंद आणखी वेगळा काय असतो? मालक म्हणेल तेव्हाच तो छंद होतो काय?

दुसऱ्या दिवशी मी टाइपिंग सेंटरवर गेलो आणि नवा बायोडाटा करून घेतला. ढोलकीवादन तसंच ठेवलं. सतीशचा हेवा अजून गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. पण ही ओळ मी कोणासाठी खोडणार नाही. ज्याला माझी ढोलकी ऐकायची असेल त्यानं जयंतीला आमच्या वस्तीत यावं, आणि सगळ्यांसारखं खाली सतरंजीवर बसावं.